ग्लास नसलेलं टेबल

इटलीत कुठे जेवावं आणि कुठली वाइन प्यावी याबद्दल न्युरेम्बर्गमधली मराठी माणसं जितकं ठामपणे बोलतात, तितकं खुद्द इटालियन लोकही बोलत नसतील. आमच्या ओळखीत असे सहा-सात जण होते. सगळे इंजिनिअर. वर्षातून एकदा ब्रेनरचा घाट उतरून गार्डा तळ्याकाठी जायचं, चार दिवस राहायचं आणि पुढचं वर्षभर सगळ्यांना शहाणपण शिकवायचं, हा त्यांचा क्रम. एकाने कुठल्याशा गावात शनिवार-रविवारचा वाइन चाखायचा कोर्स केला होता. तेव्हापासून तो पन्हंसुद्धा ग्लासात गोल फिरवून, नाक खुपसून मग प्यायचा. दुसऱ्याचा सिद्धांत असा, की जिथे जर्मन भाषेत मेन्यू असेल तिथे पाऊल टाकायचं नाही. प्रत्यक्षात त्याला जर्मन मेन्यूशिवाय पाणीही मागवता येत नव्हतं. एक बाई घरून लसणाची चटणी घेऊन जायच्या, ती पिझ्झावर पसरायच्या, आणि परत आल्यावर सांगायच्या की इटालियन लोकांना चवीतलं काही कळत नाही.

या सगळ्यांना मी मनातून हसायचे. मनातूनच कशाला, त्यांची पाठ फिरली की उघडही हसायचे. आमचं तसं नव्हतं. मी आणि नवरा चार-पाचदा जाऊन आलो होतो. भूक लागेल तिथे बसायचं, मातीच्या जगमधून येईल ती घरची वाइन प्यायची, बिल द्यायचं आणि उठायचं. आपण या उंटावरच्या शहाण्यांपेक्षा मोकळी माणसं आहोत, असा माझा समज होता. दोन हजार सोळाच्या सुमाराला सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि त्या समजाची परीक्षा झाली.

सासरे नाशिककडचे, द्राक्षबागाईतदार. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी मागे थांबल्या होत्या, त्यामुळे ते एकटेच आले होते. बोलणं कमी. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आणि आमच्या घरी आल्यावर थंडीसाठी घेतलेलं निळं जाकीट, जे त्यांनी सप्टेंबरच्या उन्हातही काढलं नाही. देवाधर्माचं फार अवडंबर नव्हतं, रविवारी मटण लागायचं. फक्त दारूचं नाव घरात काढायचं नाही. त्यांचा थोरला भाऊ दारूत गेला होता, वाटणीची जमीनही सोबत घेऊन. माझा नवरा इंजिनिअरिंगला असताना मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत बिअरच्या दोन रिकाम्या बाटल्या सापडल्या होत्या. सासरे त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत, एवढंच. ते दोन दिवस माझा नवरा अजून विसरलेला नाही.

म्हणून आमच्या घरी ते असेपर्यंत वाइनच्या बाटल्या डिटर्जंटच्या खोक्यामागे गेल्या. चाळिशीला टेकलेला, जर्मन कंपनीत हाताखाली आठ माणसं असलेला माझा नवरा स्वतःच्या स्वयंपाकघरात चोरासारखा वागू लागला. मला त्याचं हसू यायचं. पण बाटल्या मागे मीच सरकवल्या होत्या.

मग त्याने ठरवलं की बाबांना इटली दाखवायची. सुट्टीचा अर्ज मंजूर झाला, गार्डाकाठच्या बार्दोलिनो गावाजवळ खोल्या मिळाल्या, आणि आम्ही गाडी काढली. त्या भागात डोंगरापासून तळ्यापर्यंत द्राक्षाच्या बागा आहेत, आणि जिथे टेबल आहे तिथे त्यावर वाइनचे ग्लास आधीच मांडून ठेवलेले असतात. दारू वर्ज्य असलेल्या बापाला लपवाछपवी करणाऱ्या मुलाने न्यावं, यापेक्षा चुकीची जागा अख्ख्या युरोपात नसेल. हे आमच्या लक्षात पहिल्या दुपारी आलं, गाडी उभी केल्यावर.

नवरा कंपनीत सप्लायर क्वालिटी बघतो. पुरवठादारांच्या कारखान्यात जायचं, यादी काढायची, खुणा करायच्या, ए-बी-सी श्रेणी द्यायची. तेच त्याने जेवणाच्या जागांचं सुरू केलं. आम्हा दोघांना कोपऱ्यावर उभं करायचा, "आल्झो, मी बघून येतो," असं जर्मन 'तर मग'ने सुरुवात करून म्हणायचा आणि एकटा पुढे जायचा. खिडकीतून डोकवायचा. टेबलावर ग्लास मांडलेत, बाद. फळ्यावर खडूने वाइनची नावं लिहिलीत, बाद. दारात पिंप ठेवून त्यावर झाड लावलंय, बाद. मग मान हलवत परत यायचा आणि बाबांना सांगायचा, "इथं स्वच्छता नाही."

"बरं," सासरे म्हणायचे.

दुसऱ्या ठिकाणी गर्दी फार असायची. तिसऱ्या ठिकाणी, त्याच्या मते, तेल चांगलं वापरत नव्हते. एका म्हाताऱ्या इटालियन बाईने दारात उभं राहून आम्हाला हाताने आत बोलावलं, तिच्या मागून लसणाचा आणि टोमॅटोचा असा वास येत होता की मला तिथेच रडू आलं असतं. नवऱ्याने तिच्या टेबलांकडे एक नजर टाकली आणि आम्हाला पुढे हाकललं. अडीच वाजले की तिकडची स्वयंपाकघरं बंद होतात. अडीच वाजेपर्यंत आमची तपासणी चालू असायची. शेवटी उरायचं ते असं ठिकाण, जिथे ग्लास तर सोडाच, टेबलही धड नसायचं. पहिल्या दिवशी आम्ही वजनावर विकतात तो पिझ्झा फुटपाथवर उभ्याने खाल्ला. दुसऱ्या दिवशी एका तुर्की माणसाकडे केबाब. त्या रात्रीसाठी नवऱ्याने मोठ्या अभिमानाने वेरोनातलं एक पंजाबी हॉटेल शोधून काढलं. तिथल्या सरदारजींनी आम्हाला बसवलं, पापड ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला, "बिअर लाऊं, बाऊजी?" नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इटलीत येऊन आम्ही गोड पनीर बटर मसाला खाल्ला आणि लस्सी प्यायलो.

मी त्याला हसत होते हे खरं, पण माझाही एक उद्योग चालू होता. इतक्या लांब येऊन एक घोटही नाही, हे मला सहन होईना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानातून एक बाटली घेतली, खोलीवर ती स्टीलच्या पाण्याच्या बाटलीत ओतली आणि तळ्याकाठच्या बाकावर आम्ही दोघं आळीपाळीने घोट घेऊ लागलो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला सासरे.

"काय पिताय?" त्यांनी विचारलं.

"कोकम सरबत," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की मलाच माझं कौतुक वाटलं.

"जर्मनीत मिळतं?"

"हो बाबा, इंडियन स्टोअरमध्ये."

"मला दे की घोटभर."

"संपलं, बाबा."

त्यांनी बाटलीकडे बघितलं आणि मग तळ्याकडे. चाळीस वर्षं द्राक्षात घालवलेल्या माणसाला आम्ही आंबलेल्या द्राक्षाच्या वासाला कोकम म्हणून सांगत होतो. दोघंही इंजिनिअर, एक तर क्वालिटीतला. ज्या चटणीवाल्या बाईला मी हसायचे, ती निदान तिची चटणी उघड खायची.

तिसऱ्या दिवशी आम्ही बागांमधून जाणाऱ्या एका कच्च्या रस्त्याने चालत होतो. काढणी सुरू होती, हिरवे क्रेट ओळीने लावलेले होते. तीन दिवस गप्प असलेले सासरे एकदम बोलते झाले. "हा तर आपला मांडव," ते म्हणाले. खरंच, वेली आपल्याकडच्यासारख्या डोक्यावर तारांवर चढवलेल्या होत्या. ते वाकून खोडं बघू लागले, ओलांड्यावर, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांदीवर, बोटं फिरवली, पान उलटं करून भुरीचा रोग आहे का पाहिलं. नवरा पुढे निघून गेला होता, फोनवर जेवायची जागा शोधत. मी मागे थांबले.

"दोन एकर शिराझ होती आपली," ते म्हणाले. "वाइनवाल्यांसाठी लावलेली. आठ वर्षं दिली त्यांना."

मला हे माहीत होतं. बाग नंतर तोडली हेही माहीत होतं.

"खुडा आला की त्यांचा माणूस यायचा. एक मणी फोडायचा, दुर्बिणीसारखं ते यंत्र, त्यावर थेंब टाकायचा, डोळा लावायचा. म्हणायचा, ठीक आहे. कधी म्हणायचा, यंदा जरा कमी आहे. काय कमी आहे, ते काही कळायचं नाही. साखर कळते आपल्याला. पण तो साखरेचं बोलत नव्हता." त्यांनी पान सोडून दिलं. "एकदा सगळ्या शेतकऱ्यांना बोलावलं होतं त्यांनी तिकडं, चाखायला. मी गेलो. बाहेर ड्रायव्हर लोकांसोबत ताक पिऊन आलो. घरी काय तोंड दाखवणार? आठ वर्षं पिकवली, पण कशी लागते ते नाही कळलं."

एवढं सांगून ते माझ्याकडे बघत राहिले. सासरा सुनेकडे यापेक्षा स्पष्ट काय मागणार? मला कळलं होतं. न कळायला मी काही दुधखुळी नव्हते. पण कळलं असं दाखवलं, तर स्टीलच्या बाटलीचंही निघालं असतं, डिटर्जंटच्या खोक्याचंही निघालं असतं, आणि माझ्या सासरी माझं जे नाव होतं, परदेशात राहून पाय जमिनीवर असलेली सून, त्याचं काय झालं असतं?

"बरंच झालं, बाबा," मी म्हणाले. "कडू असते म्हणे."

"असते म्हणे," ते म्हणाले, आणि चालू लागले.

त्या रात्री मी नवऱ्याला सांगायचं ठरवलं आणि सांगितलं नाही. सकाळी सांगेन म्हटलं. सकाळी त्याने नवीन यादी काढली होती, लहान मुलं येतात अशा जागांची, कारण जिथे मुलं तिथे वाइन नसणार, असा त्याचा तर्क होता. इटलीत! मी त्या तर्काची इतकी टर उडवली की बाकीचं राहून गेलं.

चौथा दिवस निघायचा. वाटेत एका शेतघराशी थांबलो, कारण नवऱ्याच्या यादीतली मुलांची जागा बंद निघाली आणि सासऱ्यांना साखरेच्या गोळीआधी काहीतरी खाणं भाग होतं. अंगणात चार टेबलं, त्यावर कागद अंथरलेले, ग्लास नाहीत. नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. मालक सत्तरीचा, हात सासऱ्यांसारखेच, बोटांच्या पेरांत काळा रंग मुरलेला. जर्मन पाहुणे येतात म्हणून त्याला मोडकंतोडकं जर्मन येत होतं. नवऱ्याचं जर्मन कंपनीपुरतं, त्यामुळे असल्या ठिकाणी बोलायचं काम माझ्याकडे असायचं.

आम्ही पास्ता मागवला. तो येईपर्यंत सासरे उठून अंगणाच्या कडेच्या वेलीपाशी गेले होते. मालकाने पाहिलं आणि तोही गेला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघं पंधरा मिनिटं बोलत होते. मालकाने कात्री काढून एक काडी दाखवली, सासऱ्यांनी बोटाने तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब, मोजले आणि दुसरीकडे कापायला हवं होतं असं खुणेने सांगितलं. मालक खोखो हसला. त्याने एक घड तोडून दिला. सासऱ्यांनी मणी चावला, बी हातावर काढून तिचा रंग पाहिला, आणि मान डोलावली. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

ते परत येऊन बसले. मालक आत गेला आणि लेबल नसलेली बाटली घेऊन आला. दुसऱ्या हातात चार ग्लास, चौथा त्याचा स्वतःचा. त्याने मला सांगितलं, ही याच वेलींची आहे, गेल्या वर्षीची, विकायची नाही, शेतकऱ्याला शेतकऱ्याकडून आहे. पैशाचं काही नाही.

सासऱ्यांना जर्मन कळत नव्हतं, पण बाटली कळत होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला, हात पुसले, आणि समोर ठेवलेल्या ग्लासाच्या दांड्याला दोन बोटं लावली. ग्लास टेबलावरून वीतभर सरकला.

"बघ, बाबा ग्लास बाजूला करतायत," नवरा मला दबक्या आवाजात म्हणाला. "लवकर सांग त्याला. धर्मात चालत नाही म्हण, म्हणजे तो आग्रह करणार नाही."

ग्लास बाजूला सारणारा माणूस तो स्वतःकडे ओढत नाही. हे मी बघितलं होतं. माझ्या आणि त्या ग्लासाच्या मधे काहीच नव्हतं, फक्त पावाची टोपली. मालक बाटली तिरकी धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. सासरेही माझ्याच तोंडाकडे बघत होते.

मी माझ्या उत्तम जर्मनमध्ये, व्याकरणाची एकही चूक न करता, मालकाला सांगितलं की धार्मिक कारणांमुळे आमच्या कुटुंबात कुणी मद्य घेत नाही आणि त्यांनी कृपया गैरसमज करून घेऊ नये.

मालक ओशाळला. त्याने दोनदा माफी मागितली, एकदा माझी आणि एकदा, छातीवर हात ठेवून, सासऱ्यांची. चारही ग्लास त्याने घाईघाईने गोळा केले, जणू काही अपवित्र ठेवलं होतं. सासऱ्यांच्या पुढचा ग्लास उचलताना त्यांची बोटं अजून दांड्यावर होती, ती त्यांनी काढून घेतली. मग मालकाने पाण्याचा जग आणून ठेवला आणि पुन्हा आमच्या टेबलाकडे फिरकला नाही. पास्ता चांगला होता, असं नवरा म्हणाला. एवढंच नाही, तर आपण शोधलेल्या सगळ्या जागांमध्ये ही ए श्रेणीची, असंही म्हणाला.

ब्रेनरपर्यंत नवऱ्याला वाटलं बाबा झोपलेत. इन्सब्रुक मागे पडलं, आणि जर्मनीच्या हद्दीवर पोलिसांची तपासणी चालू होती म्हणून गाड्यांची रांग लागली होती. इंजिन बंद केलं. सासरे मागच्या सीटवर होते, टोपी मांडीवर.

"सूनबाई," ते म्हणाले. "त्या माणसाला तू काय सांगितलंस?"

खोटं बोलायला मला तोवर चांगलं जमत होतं. पण त्या वेळी एकही खोटं सुचलं नाही.

"आपल्या धर्मात चालत नाही म्हणून सांगितलं, बाबा."

"कुणाच्या धर्मात?"

पुढची गाडी चार हात सरकली. नवऱ्याने इंजिन सुरू केलं नाही. "बाबा, पण घरात तुम्हीच तर..." तो म्हणाला.

"हो. मीच," सासरे म्हणाले. मागच्या गाडीने हॉर्न दिला. "मी घेतली असती. घोटभर. तो वाइनवाला काय बघायचा यंत्रात, ते कळलं असतं."

नवऱ्याने गाडी पुढे घेतली. सासऱ्यांनी टोपी डोक्यावर चढवली आणि पासपोर्ट हातात काढून ठेवला.

"तो राहू दे, त्याला मळ्यात त्या बाटल्या सापडल्या तेव्हापासून माझी भीती आहे," ते मला म्हणाले. "तू तरी बोलायचंस. तुला कुणाची भीती होती?"

मला कुणाचीच भीती नव्हती. चांगली सून म्हणवून घ्यायची हौस होती, आणि त्यासाठी मी एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातला ग्लास काढून घेतला होता.